गळा कुणाचा, चेहरा कुणाचा

प्रस्तावना

संगीत नाटकावरून चित्रपट निघणार अशी बातमी आली की रसिक पहिल्यांदा विचारतात, "कोण करतंय?" कथा त्यांना ठाऊक असते, पदं तर तोंडपाठ. प्रश्न उरतो तो माणसांचा. नावं जाहीर झाली की त्याच दिवशी तट पडतात. एक म्हणतो, रूप शोभेल, पण गळ्याचं काय? दुसरा म्हणतो, गळा तयारीचा आहे, पण कॅमेरा जवळ आला की चेहरा काही बोलणार आहे का? तिसऱ्याने मूळ संचातला प्रयोग पाहिलेला असतो. त्याच्या लेखी ती भूमिका केव्हाच कुणाच्या तरी नावावर झालेली असते आणि नंतरचे सगळे उसनवारीचे. चित्रपट येऊन गेला तरी हे बोलणं थांबत नाही. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या निवडींवरही लोक काल घडल्यासारखे वाद घालतात.

पात्रयोजनेवरच्या या भांडणांकडे जाणकार मंडळी सहसा लक्ष देत नाहीत. मध्यंतरातल्या, प्रयोग सुटल्यानंतरच्या गप्पा म्हणून ती सोडून दिली जातात. मला ती फार मोलाची वाटतात. संगीत रंगभूमीवर जीव असणारा साधा प्रेक्षक आवाजाबद्दल, अभिनयाबद्दल आणि भूमिकेच्या मालकीबद्दल नेमका काय विचार करतो, हे इतक्या उघडपणे दुसरीकडे कुठेच ऐकायला मिळत नाही. हे पुस्तक त्या वादांविषयी आहे.

माझं म्हणणं सुरुवातीलाच मांडतो. नाटक प्रयोगापुरतं जगतं. कालचा प्रयोग आज पाहता येत नाही आणि नट गेला की त्याची भूमिकाही त्याच्याबरोबर जाते. मागे राहतात ध्वनिमुद्रिका, थोडी छायाचित्रं, वर्तमानपत्रांतली परीक्षणं आणि पाहिलेल्यांच्या आठवणी. चित्रपट मात्र टिकतो. पुढच्या पिढीला ती भूमिका भेटते ती पडद्यावरच्या चेहऱ्यानिशी. चित्रपटासाठी नट निवडणारा माणूस, त्याच्या मनात असो वा नसो, त्या भूमिकेचा वारस नेमत असतो. रसिकांना हे आतून कळलेलं असतं. आपण पाहिलेलं माणूस आता दुसऱ्या चेहऱ्याखाली झाकलं जाणार, ही त्यांची खरी भीती असते. म्हणून पात्रयोजनेचा वाद हा वारशाचा वाद आहे आणि तो त्याच गांभीर्याने समजून घ्यायला हवा.

मराठीत याचं सर्वांत ठळक उदाहरण 'कट्यार काळजात घुसली'. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं हे नाटक 1967 मध्ये रंगमंचावर आलं. निर्मिती प्रभाकर पणशीकरांच्या नाट्यसंपदेची, संगीत गोव्यातल्या मंगेशीच्या पं. जितेंद्र अभिषेकींचं. विश्रामपूर संस्थानातल्या दोन गायकांची आणि त्यांच्या दोन गायकींची ही गोष्ट. दरबारगायकाला मानाची कट्यार मिळते आणि तिच्यासोबत एक खून माफ असतो. त्या कट्यारीभोवती ईर्षा, विद्या आणि शिष्यत्व यांचा पेच उभा राहतो. नाटकाचा विषयच गाणं असल्यामुळे इथे नुसता गाता येणारा नट पुरणार नव्हता. एकच पद दोन ढंगांत ऐकल्यावर श्रोत्याला दोन घराणी आणि दोन स्वभाव वेगळे कळावेत, अशी त्याची रचना आहे. चालीतच व्यक्तिरेखा आहे. गळा बदलला की माणूसच बदलतो.

खाँसाहेब आफताब हुसेन झाले वसंतराव देशपांडे. नागपूरला शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकलेले, लाहोरला असदअली खाँ यांच्याकडून मारवा घेतलेले, दीनानाथ मंगेशकरांच्या आक्रमक गाण्याने भारलेले आणि आयुष्याचा मोठा काळ लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी केलेले वसंतराव. त्यांचं गाणं कुठल्याच एका घराण्याच्या चौकटीत बसत नव्हतं आणि त्याबद्दल त्यांना पुष्कळ ऐकून घ्यावं लागलं होतं. मान्यतेसाठी झुरणाऱ्या, आपल्या विद्येचा जळजळीत अभिमान बाळगणाऱ्या खाँसाहेबांची भूमिका अशा गायकाकडे आली, तेव्हा तिच्यात त्यांचं स्वतःचं आयुष्य उतरलं. समोर पंडितजींच्या भूमिकेत भार्गवराम आचरेकर, सदाशिव म्हणून प्रसाद सावकार, झरीना म्हणून फैय्याज. सगळे स्वतः गाणारे. ज्यांनी तो संच पाहिला, त्यांनी कलावंत आणि भूमिका यांच्यात फट पाहिलीच नाही. त्यामुळे पुढच्या प्रत्येक निवडीला त्यांच्या मनात हीच एक कसोटी लागत राहिली.

1983 मध्ये वसंतराव गेले. 2010 मध्ये नाटक पुन्हा उभं राहिलं, तेव्हा खाँसाहेबांच्या भूमिकेत त्यांचे नातू राहुल देशपांडे होते आणि सदाशिवच्या भूमिकेत अभिषेकींचे शिष्य महेश काळे. आजोबांची भूमिका नातवाकडे आणि संगीतकाराची विद्या त्याच्या शिष्याकडे, असा हा दुहेरी वारसा. रसिकांनी तुलना केलीच, पण ती तुलना जिव्हाळ्याची होती. नातवाच्या तानेत आजोबा कुठे दिसतात आणि तो स्वतः कुठे सुरू होतो, याकडे लोक कान देऊन बसत. नवा खाँसाहेब त्यांनी स्वीकारला, कारण भूमिका कुठून कुठे आली हे त्यांना दिसत होतं.

मग 2015 मध्ये सुबोध भावे यांच्या दिग्दर्शनाखाली चित्रपट आला. त्यात खाँसाहेबांच्या भूमिकेत सचिन पिळगावकर, पंडितजींच्या भूमिकेत शंकर महादेवन, सदाशिव स्वतः सुबोध भावे, झरीना अमृता खानविलकर आणि उमा मृण्मयी देशपांडे. गळे मात्र वेगळे. खाँसाहेबांसाठी राहुल देशपांडे गायले, सदाशिवसाठी महेश काळे. पाच वर्षांपूर्वी जे दोघे या भूमिका रंगमंचावर स्वतः उभ्या करत होते, ते आता पडद्याआड गेले. पंडितजींच्या बाबतीत उलटं झालं. शंकर महादेवन यांनी आधी अभिनय केलेला नव्हता. पण गाणारा माणूस तोच, दिसणारा माणूसही तोच. संगीत रंगभूमीची जुनी रीत आणि चित्रपटाची पार्श्वगायनाची रीत अशा एकाच चित्रपटात शेजारी शेजारी आल्या.

यावर जे बोललं गेलं ते मला आजही महत्त्वाचं वाटतं. राहुल आणि महेश गाणार असतील तर दिसणार का नाहीत, हा एक पक्ष. गाणारा पडद्यावर हवाच असं नाही, इतक्या जवळून पाहणाऱ्या कॅमेऱ्यासमोर खाँसाहेबांचा मत्सर, खजिलपणा आणि पश्चात्ताप पेलायला मुरलेला नट हवा, हा दुसरा. सचिन यांच्या चेहऱ्यावर आधीच्या हलक्याफुलक्या भूमिकांचं इतकं ओझं आहे की खाँसाहेबांचा दरारा त्यावर बसणार कसा, ही तिसऱ्याची शंका. आणि नाटक ज्यांनी पाहिलंच नाही अशा तरुणांना या माणसांमुळे ही पदं पहिल्यांदा ऐकायला मिळणार, याचा आनंद मानणारा चौथा. चित्रपट चालला, पुष्कळ चालला. शास्त्रीय संगीताकडे कधी न वळलेली मुलं चित्रपटगृहातून ती पदं गुणगुणत बाहेर पडली. चौथा पक्ष खरा ठरला. पण पहिला पक्ष त्यामुळे खोटा ठरत नाही.

पुढे जे झालं ते या संदर्भात पाहावं. 63 व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत याच चित्रपटासाठी महेश काळे यांना सर्वोत्कृष्ट पार्श्वगायकाचा पुरस्कार मिळाला. त्याआधी 59 व्या पुरस्कारांत 'बालगंधर्व' या चित्रपटासाठी तोच मान आनंद भाटे यांना मिळाला होता. तिथेही चेहरा सुबोध भावे यांचा होता. आणि 68 व्या पुरस्कारांत तो राहुल देशपांडे यांच्याकडे आला, 2022 मध्ये प्रदर्शित झालेल्या 'मी वसंतराव'साठी. या वेळी राहुल स्वतःच आजोबांच्या भूमिकेत होते. मराठी संगीत रंगभूमीच्या वारशावर उभे राहिलेले तीन चित्रपट, तिन्हींनाही गाण्यासाठी देशातला सर्वोच्च मान. पहिल्या दोन्हींत गळा एकाचा आणि चेहरा दुसऱ्याचा. तिसऱ्यात दोन्ही एकाच माणसाचे. 'कट्यार'च्या वेळी रसिक जे मागत होते ते शेवटी पडद्यावर आलं, वेगळ्या चित्रपटातून का होईना.

गळा आणि चेहरा वेगळे झाल्याचं इतकं दुखतं का, हे समजून घ्यायला गाण्याची शारीरिक बाजू पाहावी लागते. ख्यालाच्या अंगाने गाणारा माणूस नुसत्या कंठाने गात नाही. तान कुठून उचलली हे जबड्यावर दिसतं, दम कुठे घेतला हे खांद्यावर दिसतं, समेवर येताना डोळे आणि हात आधीच तिथे पोचलेले असतात. संगीत नाटकाचा प्रेक्षक हे सगळं एकत्र ऐकायला-पाहायला शिकलेला असतो. पार्श्वगायनात ओठ जुळवता येतात, पण श्वास जुळवणं फार कठीण. एखादा नट आठवडेच्या आठवडे त्या ताना पाठ करतो, प्रत्येक श्वासाची जागा अंगवळणी पाडतो, तेव्हा कुठे ते खरं वाटायला लागतं. हे कष्ट घेणाऱ्या नटाबद्दल आदर हवा. तरीही ज्याने मूळ प्रयोग पाहिला आहे, त्याचा डोळा कुठेतरी अडतो. तो खोड काढत नसतो. त्याला खरोखरच काहीतरी निसटलेलं दिसत असतं.

पण म्हणून 'मूळ माणसंच घ्या' हे प्रत्येक वेळचं उत्तर नाही. याचा पुरावाही आपल्याच इतिहासात आहे, आणि तो आपल्या सर्वांत मोठ्या नटाचा आहे. 1935 मध्ये प्रभातच्या 'धर्मात्मा'त बालगंधर्व संत एकनाथ झाले. दिग्दर्शक व्ही. शांताराम. तीस वर्षं ज्यांना भामिनी, सिंधू, रुक्मिणी म्हणून पाहिलं त्यांना प्रेक्षकांनी पुरुषवेषात पाहिलं आणि त्यांच्या मनातली जादू त्या वेषाशी जुळेना. प्रभातबरोबरचा तो त्यांचा एकमेव चित्रपट ठरला. 1937 मध्ये 'साध्वी मीराबाई'त ते आपल्या रंगमंचावरच्या स्त्रीवेषातच कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. गळा तोच, भूमिकाही त्यांचीच. तोही चित्रपट यशस्वी झाला नाही. नाट्यगृहातल्या अंतरावरून जे लावण्य मोहात पाडत होतं, ते जवळून पाहणाऱ्या कॅमेऱ्याला जसंच्या तसं पकडता आलं नाही. रंगभूमीवरचा थोर नट पडद्यावरही थोर ठरेल असं गृहीत धरता येत नाही, हे या दोन चित्रपटांनी इतक्या लवकर दाखवून दिलं होतं.

आपल्या प्रेक्षकाला या विषयात आपलं मत मोजलं जावं असं वाटतं, त्यालाही परंपरा आहे. संगीत नाटकाचा प्रेक्षक कधीच गप्प बसून पाहणारा नव्हता. 'वन्समोअर' देऊन तो पद पुन्हा गाऊन घेत असे आणि त्यावरून त्या रात्रीचा प्रयोग किती वाजता सुटणार ते ठरत असे. 1921 च्या जुलैमध्ये मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झालं, तेव्हा भामिनी बालगंधर्व आणि धैर्यधर केशवराव भोसले, म्हणजे एकमेकांशी चुरस असलेल्या दोन नाटक मंडळ्यांचे दोन प्रमुख एका रंगमंचावर आले. दोघांचे चाहते वेगळे, दोघांच्या गाण्याची जात वेगळी. कोण सरस ठरलं यावर महाराष्ट्रात वर्षानुवर्षं बोललं गेलं. केशवराव त्याच वर्षी वारले. त्या प्रयोगाचं चलच्चित्र नाही; आज आपल्याला जे माहीत आहे ते त्या चर्चेमुळे, त्या चर्चेतून लिहिल्या गेलेल्या आठवणींमुळे. जानेवारी 2025 मध्ये 'संगीत मानापमान' चित्रपटरूपात आलं आणि धैर्यधर-भामिनी पुन्हा नव्या चेहऱ्यांनी उभे राहिले, तेव्हा शंभर वर्षांपूर्वीची ती दोन नावं पुन्हा निघाली, ती या चर्चेने जपली होती म्हणूनच.

मराठी वाचकाने हा प्रश्न आपल्यापुरता समजू नये म्हणून या पुस्तकाचा बराच भाग मी ब्रॉडवे आणि हॉलिवूडला दिला आहे. तिथलं सर्वांत गाजलेलं भांडण 'माय फेअर लेडी'चं. बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून झालेलं हे संगीत नाटक मार्च 1956 मध्ये न्यूयॉर्कला सुरू झालं आणि 2717 प्रयोग चाललं. हिगिन्स होता रेक्स हॅरिसन. एलायझा होती ज्युली अँड्र्यूज, त्या वेळी वीस वर्षांची. पुलंनी याच 'पिग्मॅलियन'वरून 1975 मध्ये 'ती फुलराणी' केलं आणि भक्ती बर्वे यांनी मराठी प्रेक्षकांसाठी ती भूमिका कायमची आपली करून टाकली. त्यांच्यानंतर जी जी मंजुळा, म्हणजे मराठीतली एलायझा, रंगमंचावर उभी राहिली तिला भक्तीताईंशी तुलना चुकली नाही. त्यावरून न्यूयॉर्कच्या प्रेक्षकांना अँड्र्यूजबद्दल काय वाटत असेल याची कल्पना आपल्याला सहज करता येईल.

वॉर्नर ब्रदर्सच्या जॅक वॉर्नर यांनी या नाटकाचे हक्क 55 लाख डॉलरला घेतले. त्या काळी हा विक्रम होता. एवढी रक्कम गुंतल्यावर त्यांना तिकीटबारीवर ओळखीचं नाव हवं होतं आणि अँड्र्यूजने तोवर एकही चित्रपट केलेला नव्हता. एलायझाची भूमिका गेली ऑड्री हेपबर्नकडे, दहा लाख डॉलरच्या मानधनावर. हिगिन्ससाठीही आधी कॅरी ग्रांटला विचारलं गेलं. हॅरिसनला घेतलं नाही तर आपण हा चित्रपट पाहायलाही जाणार नाही, असं सांगून ग्रांटने नकार दिला. भूमिका ज्याची त्याला मिळावी असं एक मोठा नटच सांगत होता. रसिक जे म्हणत होते त्याहून हे वेगळं नव्हतं.

हेपबर्नने गाण्याची मेहनत घेतली होती. तिच्या आवाजात पदं ध्वनिमुद्रितही झाली. शेवटी त्यांतली बहुतेक मार्नी निक्सन या गायिकेच्या आवाजात बसवली गेली. निक्सनचं नाव श्रेयनामावलीत नव्हतं. 'द किंग अँड आय'मध्ये डेबोरा करसाठी आणि 'वेस्ट साइड स्टोरी'त नताली वुडसाठीही तीच गायली होती. एका पिढीच्या तीन लाडक्या भूमिकांचा गळा तिचा आणि प्रेक्षकांना तिचं नाव ठाऊक नाही. आपल्याकडे पार्श्वगायकाला मान आहे, पुरस्कार आहे, त्याच्या नावावर ध्वनिमुद्रिका खपतात. तिथे तेव्हा ही गोष्ट झाकून ठेवायची होती. त्यामुळे हेपबर्नच्या निवडीवरची नाराजी दुप्पट झाली: जी गाऊ शकत होती तिला डावललं, आणि जी खरोखर गायली तिला लपवलं. हॅरिसनची पदं मात्र चित्रीकरणाच्या वेळीच, त्याच्या कपड्यात बिनतारी ध्वनिग्राहक लपवून मुद्रित केली गेली, कारण तो बोलल्यासारखं गायचा आणि एकच पद दोनदा सारखं म्हणायचा नाही. एकाच चित्रपटात नायकाचा श्वास जपला गेला आणि नायिकेचा बदलला गेला.

1964 मध्ये चित्रपट आला. त्याला बारा नामांकनं आणि आठ ऑस्कर मिळाले. हॅरिसनला मिळालं, हेपबर्नचं नाव नामांकनांतही नव्हतं. त्याच वर्षीचं सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर ज्युली अँड्र्यूजला मिळालं, 'मेरी पॉपिन्स'साठी. ती भूमिका तिला करता आली कारण एलायझा तिच्या हातून गेली होती. लोकांनी यात न्याय पाहिला आणि तो वाद कायमचा स्मरणात राहिला. पण आज, साठ वर्षांनी, एलायझा म्हटल्यावर जगाच्या डोळ्यांसमोर कोण येतं? काळ्या-पांढऱ्या पोशाखातली, मोठ्या टोपीखालची हेपबर्न. अँड्र्यूजच्या एलायझाच्या संपूर्ण प्रयोगाचं चित्रण नाही. आहे ती ध्वनिमुद्रिका आणि दूरचित्रवाणीवरचे काही तुकडे. माझ्या म्हणण्याला याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. रसिक न्यायाच्या बाजूने होते, पुरस्कारांनीही त्यांची बाजू घेतली, आणि तरीही आठवणीवर चित्रपटाचाच ताबा राहिला. हेपबर्नने ती भूमिका मन लावून केली होती, हेही तितक्याच प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. निवडीतला अन्याय निवडल्या गेलेल्या कलावंताचा नसतो.

चित्रपटाची ही ताकद कधीकधी वाद मिटवूनही टाकते. 'फिडलर ऑन द रूफ'मधला दूधवाला तेव्ये 1964 मध्ये ब्रॉडवेवर झीरो मोस्टेलने गाजवला होता. 1971 च्या चित्रपटासाठी दिग्दर्शक नॉर्मन ज्युइसन यांनी त्याला न घेता लंडनच्या रंगमंचावर ती भूमिका केलेल्या टोपोलला घेतलं. मोस्टेलच्या चाहत्यांना ते फार लागलं. पण चित्रपटानंतर वाढलेल्या पिढ्यांसाठी तेव्ये म्हणजे टोपोलच. पहिल्यावरचं प्रेम आणि दुसऱ्याचा स्वीकार, दोन्ही खरे. फक्त एकाचे साक्षीदार हळूहळू कमी होत गेले.

काही वाद गळ्याच्या पलीकडे जातात. 1996 मध्ये आलेल्या 'एविटा' चित्रपटासाठी मॅडोनाची निवड झाली, तेव्हा लंडनच्या रंगमंचावर ती भूमिका केलेली इलेन पेज आणि न्यूयॉर्कला केलेली पॅटी ल्युपोन यांच्या चाहत्यांची नाराजी एकीकडे होती. दुसरीकडे ब्यूनोस आयर्सच्या भिंतींवर मॅडोनाला परत जा असं सांगणारे शब्द लिहिले गेले. ज्या एविटाला देशातल्या अनेकांनी देवतेसारखं मानलं, तिची भूमिका कुणी करावी हा अर्जेंटिनाच्या लोकांसाठी संगीताचा प्रश्नच नव्हता. 'वेस्ट साइड स्टोरी'तला प्रश्न वंशाचा. 1961 च्या चित्रपटात पोर्तो रिकोची मारिया झाली रशियन आईवडिलांची नताली वुड आणि बर्नार्डो झाला ग्रीक वंशाचा जॉर्ज चकिरिस. रीटा मोरेनो स्वतः पोर्तो रिकोची. पण तिलाही इतरांसारखाच गडद रंग चेहऱ्यावर लावावा लागला. पुढे कितीतरी वर्षं या निवडींवर लोक बोलत राहिले, आणि 2021 मध्ये स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी हाच चित्रपट पुन्हा केला तेव्हा त्या भूमिका लॅटिनो वंशाच्या कलावंतांकडेच गेल्या. मारियाच्या भूमिकेतली रेचेल झेग्लर तर खुल्या आवाहनातून निवडली गेली. प्रेक्षकांच्या तक्रारीतून पात्रयोजनेची रीत बदलू शकते, याचं हे ढळढळीत उदाहरण.

त्याच 2021 च्या चित्रपटात रीटा मोरेनो एका नव्या भूमिकेत आहे. 2012 च्या 'ले मिझराब्ल'मध्ये, जिथे नट कानात पियानो ऐकत चित्रीकरणाच्या वेळीच गायले, पहिला इंग्रजी जाँ व्हालजाँ कोम विल्किन्सन बिशप होऊन येतो आणि नव्या व्हालजाँला घरात घेतो. 2024 च्या 'विकेड'मध्ये 2003 च्या मूळ संचातल्या इडिना मेन्झेल आणि क्रिस्टिन चेनोवेथ काही क्षण दिसून जातात. तिथे हेच कलावंत असावेत अशी कथेची गरज नाही. त्यांना घेऊन दिग्दर्शक आधीच्या संचाचं ऋण जाहीरपणे मान्य करतात आणि वारसा हातोहात दिल्याचं प्रेक्षकांना दाखवतात. रसिकांचा रोष याने निम्मा निवळतो, कारण त्यांना एवढंच हवं असतं: आधी कुणीतरी होतं, हे विसरलं जाऊ नये.

रसिकांची बाजू घेताना त्यांच्या चुकाही मी या पुस्तकात लपवलेल्या नाहीत. आठवण मूळ प्रयोगाला सोन्याचा मुलामा देते. पन्नास प्रयोगांतले पाच फसलेले असतील तर ते लक्षात राहत नाहीत. मूळ नट आता त्या वयाचा राहिलेला नाही, हे चाहत्याला दिसत नाही. रंगमंचावर वीस वर्षं खपून जाणारं वय पडद्यावर एका क्षणात उघडं पडतं. आणि सर्वांत वाईट म्हणजे निवडीवरचा राग निवडलेल्या माणसावर निघतो. त्याच्या रूपावर, जातीवर, बोलीवर घसरणारी भाषा कुठल्याही प्रेमातून येत नाही आणि तिला रसिकता म्हणायचं काही कारण नाही. निर्मात्याची अडचणही समजून घ्यायला हवी. चित्रपटात गुंतलेला पैसा एका नाट्यगृहाच्या गल्ल्यातून निघत नाही, नाव चाललं नाही तर पुढचं संगीत नाटक पडद्यावर येण्याची शक्यताच संपते. 'कट्यार' चालला नसता तर 'मानापमान'च्या वाटेला कोण गेलं असतं?

पुस्तकाचे तीन भाग आहेत. पहिला मराठीचा: बोलपटांच्या आरंभीच्या काळापासून आजपर्यंत, संगीत रंगभूमीवरची माणसं आणि भूमिका पडद्यावर कशा गेल्या, आणि त्या वेळी प्रेक्षक काय म्हणत होते. दुसरा ब्रॉडवे, लंडन आणि हॉलिवूडचा. तिसऱ्या भागात मी वादांची जात पाहून मांडणी केली आहे: गळ्याचे वाद, वयाचे वाद, वंशाचे आणि भाषेचे वाद, तिकीटबारीचे वाद. वाचकाने कुठूनही सुरुवात करावी. प्रत्येक प्रकरणात दोन्ही बाजू त्यांच्या सर्वांत चांगल्या रूपात मांडायचा प्रयत्न केला आहे, कारण यांतल्या बहुतेक भांडणांत दोन्ही बाजू नाटकावर प्रेम करणाऱ्याच असतात.

एक मागणं मात्र वाचकांकडे आहे. पुढच्या वेळी एखाद्या भूमिकेसाठी नाव जाहीर होईल आणि तुम्हाला ते पटणार नाही, तेव्हा नुसतं 'शोभत नाही' म्हणून थांबू नका. तुम्ही पाहिलेला नट त्या जागी काय करत होता, कुठल्या पदाच्या आधी थांबत होता, कुठली ओळ हळू म्हणत होता, कुठे वन्समोअर घेत होता, ते लिहून काढा. नाटक, गाव, नाट्यगृह, वर्ष आणि संच लिहा, आपल्या मुलाबाळांना सांगा, नाट्यसंस्थांच्या आणि ग्रंथालयांच्या हवाली करा. चित्रपटाचा चेहरा राहणारच आहे. त्याला आपल्या मदतीची गरज नाही. त्याच्या आधीचा चेहरा मात्र पाहिलेल्यांनी लिहिला तरच राहील, आणि तो राहिला तर पुढच्या दिग्दर्शकाला निवड करताना नावांपलीकडचं काहीतरी हाताशी असेल.